गरोदरपणातला विमानप्रवास: या चुका टाळा

"मॅडम, उद्या सकाळची फ्लाइट आहे, सर्टिफिकेट व्हॉट्सॲपवर पाठवता का?" असे मेसेज गरोदर पेशंट्सचे मला सतत येतात. सर्टिफिकेट म्हणजे विमानप्रवासाला हरकत नाही असा डॉक्टरचा कागद. मी पाठवत नाही. बीपी घेतल्याशिवाय, बाळाचे ठोके ऐकल्याशिवाय त्या कागदावर सही करणं मला पटत नाही. जो डॉक्टर न तपासता सही देतो, त्याच्याकडे जाऊ नका.

सगळ्यात मोठा घोळ महिन्यांच्या मोजणीत होतो. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. सातव्यात डोहाळजेवण झालं की पुण्या-मुंबईच्या लेकी नागपूरला यायला निघतात. घरातले महिने मोजतात, विमान कंपन्या मोजतात आठवडे, तेही शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून. "आठवा लागला" म्हणजे ३० व्या आठवड्यापासून ३४ व्यापर्यंत काहीही असू शकतं. नेमकं ३२ आठवड्यांच्या आसपास बहुतेक भारतीय कंपन्या 'फिट टू फ्लाय' सर्टिफिकेट मागू लागतात. ३६ आठवड्यांनंतर सहसा बसूच देत नाहीत, आणि जुळी असतील तर त्याच्याही आधी थांबवतात.

माझी एक पेशंट पुण्याहून अशीच निघाली. आईने फोनवर विचारलं होतं, "आठवाच तर लागला आहे, कागद काहून लागते?" प्रत्यक्षात ३३ आठवडे झाले होते. सर्टिफिकेट होतं, पण तिकीट काढताना घेतलेलं, महिनाभर जुनं. काउंटरवर नाही म्हणाले. नवऱ्याने धीर धरून दुसऱ्या दिवशी तपासणी करून घेतली असती तर दीड तासात नागपूर आलं असतं. त्याऐवजी त्याच संध्याकाळी ट्रॅव्हल्सची सीट पकडली. सातशे किलोमीटर, रात्रभर पाय लोंबकळत. वाटेत बाथरूमची सोय नाही म्हणून ती पाणीही प्यायली नाही. तिसऱ्या दिवशी माझ्याकडे आली तेव्हा डावी पोटरी सुजून घट्ट झाली होती. डॉपलर, म्हणजे रक्तप्रवाह बघणारी सोनोग्राफी केली, शिरेत रक्ताची गुठळी निघाली. तेव्हापासून बाळंतपणानंतर सहा आठवड्यांपर्यंत पोटावर हेपारिनची, म्हणजे रक्त गोठू न देणाऱ्या औषधाची इंजेक्शनं. बाळ सुखरूप झालं, पण ते महिने त्या मुलीने कसे काढले ते मी पाहिलं आहे.

म्हणून "विमान नको बाई, गाडीनेच ये" हा सल्ला ऐकला की मला राग येतो. गरोदरपणात रक्त एरवीपेक्षा लवकर गोठतं, आणि गुठळी बहुतेक वेळा डाव्या पायात होते. चार तासांहून जास्त एका जागी बसलं की धोका वाढतो, मग ते विमान असो, बस असो की समृद्धीवरची कार. तब्येत ठीक असेल तर नागपूर-पुण्यासाठी विमानच बरं. विमानातली हवा सहा ते आठ हजार फुटांवर असते तशी विरळ असते, म्हणजे साधारण उटीसारखी. निरोगी आईच्या पोटातल्या बाळाला ती सोसते, कारण बाळाचं हिमोग्लोबिन आपल्यापेक्षा ऑक्सिजन घट्ट धरून ठेवतं. लांबच्या प्रवासाला मी कडेची सीट घ्यायला लावते, तासा-दीड तासाने उठून फिरायला सांगते, घोट घोट पाणी प्यायला सांगते. मापाचे घट्ट मोजे डॉक्टरांना विचारून घ्या. ॲस्पिरिन स्वतःच्या मनाने घेऊ नका.

आता विदर्भातल्या बायकांसाठी खास. सिकलसेलची तपासणी न करता विमानात बसू नका. यात रक्तातल्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात. आपल्या भागात हा आनुवंशिक आजार भरपूर आहे, आणि लग्न होऊन मूल पोटात येईपर्यंत कित्येकींना तो आपल्याला आहे हेच माहीत नसतं. नुसती वाहक, म्हणजे एएस असाल तर सहसा अडचण येत नाही. एसएस, म्हणजे प्रत्यक्ष आजारच असेल तर विरळ हवेत आणि अंगातलं पाणी कमी झाल्यावर क्रायसिस, म्हणजे अचानक असह्य दुखण्याचा झटका येऊ शकतो, तेव्हा डॉक्टरांशी बोलल्याशिवाय तिकीट काढायचं नाही. हिमोग्लोबिन फारच खाली गेलं असेल तरी तेच.

सीटबेल्ट पोटावरून नाही, पोटाखालून, मांड्यांवर घट्ट. मेटल डिटेक्टरच्या दारातून जायला घाबरू नका, त्यात क्ष-किरण नसतात. निघताना तर्री-पोहे खाऊ नका, वर गेल्यावर पोटातला गॅस फुगतो. मे महिन्यात दुपारची फ्लाइट घेऊ नका, पंचेचाळीस डिग्रीत सोनेगावला, नागपूरच्या विमानतळावर पोहोचेपर्यंतच बाई गळून जाते.

येतानाच्या तारखेचे आठवडेही मोजा. भावाच्या लग्नाला ३४ व्या आठवड्यात गेलेली मुलगी तीन आठवड्यांनी परत कशी येणार, हे जाताना कोणी विचारत नाही. सैल कुर्ता घालून, आठवडे कमी सांगून बसण्याचा मार्ग तर मुळीच नको. वर कळा सुरू झाल्या तर तिथे ऑपरेशन थिएटर नाही.

सर्टिफिकेट मी प्रवासाच्या आदल्या दोन दिवसांत देते, त्यावर प्रवासाच्या दिवशीचे आठवडे लिहिते आणि दोन प्रती काढायला लावते. सोनोग्राफी आणि रक्तगटाची फाइल पर्समध्ये ठेवा, सामानात टाकू नका. आणि निघायच्या दिवशी कळा येत असतील, पाणी किंवा रक्त जात असेल, डोकं दुखून डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, तर तिकिटाच्या पैशांचा विचार न करता गाडी दवाखान्याकडे वळवा.