गल्फला निघालात? राजीनामा देताना या चुका टाळा

माझा आतेभाऊ लोटे एमआयडीसीत फिटर होता. सौदीतल्या कंपनीचं ऑफर लेटर व्हॉट्सअ‍ॅपवर आलं, त्या संध्याकाळी घरात पेढे वाटले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने राजीनामा दिला. पंधरा दिवसांनी मुंबईत मेडिकल झालं. लहानपणी त्याला टीबी होऊन गेला होता, पूर्ण बरा झालेला. पण एक्स-रेत छातीवरचा जुना डाग दिसला आणि रिपोर्ट आला 'अनफिट'. व्हिसाचा विषयच संपला. इकडे कंपनीने तोवर त्याच्या जागी दुसरा माणूस घेतला होता. पुढचे सात महिने त्याने मिळेल त्या रोजंदारीवर काढले.

ऑफर लेटर हातात पडलं की राजीनामा टाकायचा, ही सगळ्यांत महाग पडणारी चूक. त्या कागदानंतर मेडिकल असतं, सर्टिफिकेटांचं अटेस्टेशन (ती खरी असल्याचे अधिकृत शिक्के) असतं, मग व्हिसा. दहावी झालेली नसेल आणि पासपोर्ट ईसीआर (एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड) असेल, तर आखाती देश धरून 18 देशांसाठी एमिग्रेशन क्लिअरन्सही, म्हणजे नोकरीसाठी बाहेर जायची सरकारी परवानगी, लागतो. गाडी यातल्या कुठल्याही ठिकाणी अडकते. ही सगळी कामं नोकरीत राहून, रजा टाकून होतात. आधी कधी छातीचा आजार झाला असेल तर मेडिकलची वाट न बघता गावातच एक्स-रे काढून डॉक्टरांना दाखवा.

याच्या उलट चूक करणारेही आहेत. व्हिसा येईपर्यंत कुणाला काही सांगायचं नाही, आणि आला की पळापळ. यूएईचा नोकरीचा एंट्री परमिट साधारण 60 दिवसांत वापरावा लागतो. तुमचा नोटीस पिरियड 90 दिवसांचा असेल तर हिशेब जमणार कसा? अपॉइंटमेंट लेटर आजच काढून वाचा. नोटीसचे पैसे भरून लवकर सुटता येतं का, शिल्लक रजा त्यात धरतात का, हे बघा. आणि तिकडच्या कंपनीकडून जॉइनिंगची तारीख 'व्हिसा मिळाल्यापासून इतके दिवस' अशी लिहून घ्या.

एजंट म्हणाला, "व्हिजिट व्हिसावर चला, तिथे बदलून देतो," तर त्या भरवशावर राजीनामा देऊच नका. व्हिजिट व्हिसावर काम करणं बेकायदा आहे. ई-मायग्रेट या परदेशी नोकरीसाठीच्या सरकारी साइटवर एजंटचं लायसन्स तपासा. त्याला 30,000 रुपये आणि वर जीएसटी, याहून जास्त फी घेता येत नाही.

राजीनामा देऊन बसलात आणि व्हिसा अडकला? त्याच दिवशी एचआरला ईमेल करा, शेवटचा दिवस पुढे ढकलण्याची विनंती करा. नुसता फोन नको. तुमच्या जागी माणूस मिळाला नसेल तर पुष्कळदा ऐकतात. शेवटचा दिवस उलटून गेल्यावर मात्र फार काही करता येत नाही.

निघताना रिलीव्हिंग लेटर आणि अनुभवाचा दाखला सही-शिक्क्यानिशी घ्या. पीएफच्या पोर्टलवर नोकरी सोडल्याची तारीख चढली का, तेही बघा. पाच वर्षं भरत आली असतील तर ग्रॅच्युइटीसाठी तारीख मोजून घ्या. कंपनीचा आरोग्य विमा नोकरीबरोबरच संपतो. आईवडील त्यात असतील तर त्यांची वेगळी पॉलिसी आधी सुरू करा. घराचा हप्ता चालू असेल तर तीन महिन्यांचे पैसे खात्यात ठेवूनच विमानात बसा, कारण तिकडचा पहिला पगार हातात यायला महिना-दीड महिना सहज जातो.