नवी कोंबडी जुन्या खुराड्यात सोडताना

माझी पहिली विकतची कोंबडी आठवडी बाजारातून आली ती पायाला सुतळी बांधलेली, पिशवीतून डोकं बाहेर काढलेली. घरी येऊन सुतळी कापली आणि आमच्या नऊ जणींमध्ये सरळ अंगणात सोडून दिली. कोंबड्या त्या कोंबड्या, त्यांना कसलं आलंय आपलं-परकं! सासूबाई (आम्ही त्यांना आत्या म्हणतो) ओसरीवर शेंगा फोडत बसल्या होत्या. म्हणाल्या, "आगं, डालग्याखाली तरी ठिव चार दिस. मारत्याल की तिला." मी हसले. संध्याकाळी नवीचा तुरा फाटून रक्त डोळ्यापर्यंत ओघळलं होतं आणि ती पडक्या जात्यामागे तोंड खुपसून, शेपूट बाहेर ठेवून उभी होती. कोंबडी अशी तोंड लपवून उभी राहिली, की ती केव्हाच हरलेली असते. मार मात्र चालूच असतो.

खरा फटका आठ दिवसांनी बसला. नवी घरघरायला लागली, मागोमाग आमच्याही शिंकायला लागल्या. दवाखान्यातून पाण्यातलं औषध आणलं, तरी दोन गेल्याच. त्यातली एक रोजची अंड्यावरची होती. मारामारी डोळ्यांना दिसते म्हणून आपण तिलाच घाबरतो. आजार पिशवीतून गुपचूप येतो. वाई तालुक्यातल्या आमच्या परसात सहा वर्षं कोंबड्या आहेत, आणि नव्याने सुरुवात करणारं कुणी विचारायला आलं की मी आधी आजाराचंच सांगते.

नवी कोंबडी कितीही टवटवीत दिसो, तिला तीन आठवडे वेगळं ठेवा, महिना झाला तर उत्तमच. वेगळं म्हणजे घराच्या दुसऱ्या अंगाला, जिथून वारा आणि विष्ठा जुन्यांपर्यंत पोचणार नाही. भांडी वेगळी. आधी जुन्यांचं खाणंपाणी करायचं आणि शेवटी नवीकडे जायचं, उलट नाही, कारण रोग आपल्याच चपलेतून फिरतो. या दिवसांत रोज विष्ठा बघायची, रक्त दिसतंय का ते बघायचं. पंखाखाली आणि शेपटीच्या बुडाशी पिसं उलटी करून उवा शोधायच्या. रात्री सगळं शांत झालं की तिच्याजवळ कान नेऊन श्वास ऐकायचा. घरघर दिवसा कलकलाटात कळत नाही, रात्री लगेच कळते.

लसीचंही याच काळात उरकायचं. बाजारातल्या कोंबडीला मानमोडीची, म्हणजे राणीखेतची लस दिलीय का, हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं. पिल्लांना पहिल्या आठवड्यात लासोटा या राणीखेतच्या लसीचा थेंब देतात, आठ आठवड्यांनंतर त्याच रोगाच्या आरटूबी लसीची सुई. मोठ्या कोंबडीला काय आणि कधी द्यायचं ते पशुवैद्यकाला विचारा, पण लस निरोगी पक्ष्यालाच द्यायची, आणि ती अंगी लागायला दोनेक आठवडे जातात हे धरून चाला. आमची अडचण वेगळीच होती. लसीची कुपी शेकडो पक्ष्यांना पुरेल एवढी आणि आमच्या कोंबड्या दहा. एकदा कालवली की दोन तासांत संपवावी लागते. शेवटी गल्लीतल्या पाच घरांनी एकच दिवस ठरवला. आता लस थंड ठेवायला बर्फ माझ्याकडून आणि चहा शेजारच्या काकूंकडून.

आता मारामारी. नॉर्वेच्या थोर्लीफ शेल्डेरुप-एबे या माणसाने लहानपणापासून कोंबड्या न्याहाळल्या आणि कोण कुणाला टोचतं याची उतरंड 1921 साली शास्त्रीय भाषेत मांडली. आत्या त्याच उतरंडीच्या टोकावरच्या कोंबडीला 'मानाची' म्हणतात. खाण्यावर आधी ती, दांडीवर मधली जागा तिची, खाली कुणी वाकडं गेलं की टोचणारीही तीच. नवी आली की प्रत्येकीला आपली पायरी पुन्हा तपासावी लागते, म्हणून थोडी टोचाटोची होणारच. ती पूर्ण थांबवायला जाऊ नका. तुम्ही मध्ये पडून नवीला उचलून घेतलंत, तर तंटा मिटत नाही, उद्यावर जातो.

आमच्याकडे आता जाळीचा आडोसा असतो. वेगळं ठेवण्याचे दिवस सरले, की खुराड्याचा एक कोपरा बारीक जाळीने तोडून नवीला दहा-बारा दिवस आत ठेवायचं. एकमेकींना दिसतील, पण चोच पोचणार नाही. खाण्याची भांडी जाळीच्या दोन्ही बाजूंना जवळजवळ मांडली, की शेजारी उभं राहून खायची सवय होते. सुरुवातीला जुन्या जाळीवर धावून जातात. जाळीशी येऊन काहीच न करता मका टिपत राहिल्या, की दार उघडायला हरकत नाही.

एकटी कोंबडी आणूच नका, दोन आणा. मार वाटला जातो आणि रात्री अंगाला अंग लावायला कुणीतरी असतं. अंगाने जुन्यांच्या बरोबरीच्या हव्यात. गिरिराज-वनराज या सुधारित जाती गावठीपेक्षा भारी असतात, त्यांच्यात कोवळी गावठी तलंग, म्हणजे अजून अंड्यावर न आलेली कोंबडी, सोडणं म्हणजे तालमीत पोर उतरवणं. तलंगांच्या बाबतीत आणखी एक भानगड: अंडी देणाऱ्या कोंबड्यांच्या खाद्यात चुना भरपूर असतो, तो कोवळ्या तलंगांच्या मूत्रपिंडांना झेपत नाही. सगळ्यांना वाढीचं खाद्य घालते आणि शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवते. ज्यांना हवा त्या खातात.

मोकळं सोडायचं ते संध्याकाळच्या चरण्याच्या वेळी, अंगणात, खुराड्यात नव्हे. अंगणात पळायला वाट असते. मी आधी अडसर मांडून ठेवते: दोन उलट्या टोपल्या, उसाच्या पाचटाचा ढीग, भिंतीला टेकवलेली फळी, दोन्हीकडून निघता येईल अशी. हरलेल्या कोंबडीला नजरेआड होता आलं, की पाठलाग करणारी बहुतेक वेळा नाद सोडते. फक्त बंद कोपरा नको, तिथे सापडली की संपलं. कोथिंबीर किंवा शेवग्याचा पाला दोरीने डोक्याच्या उंचीवर टांगला, की निम्म्या जणी त्यातच गुंततात. आणि खाण्याची, पाण्याची दोन-दोन भांडी, एका जागेवरून दिसणार नाहीत अशी. नाहीतर मानाची कोंबडी एकटीच पहारा देते आणि नवी उपाशी राहते. नवीने खाल्लं का हे रात्री गळ्याखालची पिशवी चाचपली की कळतं. टम्म आणि घट्ट लागली तर ठीक. रिकामं कातडं हाताला आलं तर दुसऱ्या दिवशी वेगळं खायला घाला.

रक्त दिसलं तर मात्र सगळे नियम बाजूला. लाल ठिपक्यावर बाकीच्या तुटून पडतात आणि मग मानाची-बिनमानाची सगळ्याच सामील होतात. जखमीला लगेच वेगळं करा, जखमेला जांभळं औषध लावा. त्याने लाल रंगही झाकला जातो. खपली धरेपर्यंत परत सोडू नका.

मागच्या वर्षीच्या दोघींना आमची काळी काही केल्या सोडेना. इतर सगळ्या चार दिवसांत निवळल्या, ही मात्र दाणे टाकून पाठलाग करायची. शेवटी आत्यांनी नवीला नाही, काळीलाच डालग्याखाली घातलं, अंगणापासून दूर, गोठ्यात. पाचव्या दिवशी सोडली तेव्हा तिची जागा तुरेवालीने घेतलेली होती आणि काळी स्वतःच नवखी झाली होती. पाठलाग करायला वेळच उरला नाही.

पहिले आठ-दहा दिवस अंधार पडायच्या आत नव्यांना मोजा. त्या आत न जाता पेरूच्या फांदीवर किंवा लाकडांच्या ढिगावर बसतात आणि आमच्याकडे मुंगूस वाट बघत असतो. अंधारात कोंबडीला फारसं दिसत नाही, त्यामुळे उचलून दांडीवर जुन्यांच्या शेजारी ठेवली तरी कुणी भांडत नाही. पण सकाळी उजाडताच दार उघडायला तुम्ही उठलं पाहिजे. अडीच हात जागेत डोळे उघडल्यावर शेजारी परकी दिसली, की काय होतं ते मी एकदा पाहिलंय. नवीची अंडी दोन-तीन आठवडे बंद राहू शकतात. त्यावरून विकणाऱ्याला शिव्या देऊ नका.

हे सगळं टाळायचं असेल तर खुडूक, म्हणजे अंडी उबवायला बसलेली, कोंबडी धरा. तिच्याखाली अंडी मांडली, की एकवीस दिवसांनी पिल्लं निघतात आणि त्यांच्यासाठी ती मानाच्या कोंबडीलाही उभी चिरते. पण खुडूक बसणं आपल्या हातात नसतं.

मागच्या वर्षीच्या त्या दोघींपैकी एक आता दांडीवर तिसरी बसते. दुसरी अजून दाराजवळच्या टोकाला असते आणि सकाळी लांबच्या भांड्याकडेच जाते. ते भांडं मी काढलेलं नाही.