जीवनसत्त्व ‘अ’ आणि प्रतिकारशक्ती: किती घ्यावे, अंगी कसे लागावे

जीवनसत्त्व ‘अ’ प्रतिकारशक्ती वाढवते असे ऐकले की लोक गोळ्या शोधू लागतात. खरे तर ते वाढवत नाही, ढासळू देत नाही. कमतरता भरून निघाली तर मोठा फरक पडतो. मुळात पुरेसे असेल तर वरून घेतलेल्याने हाती काही लागत नाही.

पहिले काम अस्तराचे. नाक, घसा, फुप्फुसे आणि आतडी यांच्या अस्तरातल्या पेशी बुळबुळीत स्राव सोडतात, त्यात जंतू अडकतात. ‘अ’ कमी पडले की अस्तर कोरडे, कडक होते आणि जंतूंना आत शिरायला वाट मिळते. दुसरे काम जरा गमतीचे आहे. शरीर रेटिनॉलपासून, म्हणजे तयार स्वरूपातल्या ‘अ’पासून, रेटिनोइक आम्ल तयार करते. आतड्यालगतच्या लसिका ग्रंथींमध्ये हे आम्ल टी पेशींवर (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींवर) जणू पत्ता लिहून देते. मग रक्तातून फिरून त्या नेमक्या आतड्याच्या भिंतीत परततात. तिथे आयजीए प्रतिपिंडे, म्हणजे अस्तरावर जंतूंना अडवणारी प्रथिने, तयार होण्यासाठीही हे आम्ल लागते. कमतरता असलेल्या मुलांना जुलाब आणि गोवर जड जातात ते यामुळे.

प्रौढ पुरुषाला रोज साधारण 900 आणि स्त्रीला 700 मायक्रोग्रॅम लागते. देशागणिक शिफारशी थोड्या बदलतात. अंडी, दूध, कलेजी यांत तयार रेटिनॉल असते. भाज्यांत असते बीटा कॅरोटिन, म्हणजे ‘अ’चा कच्चा माल, आणि अन्नातल्या 12 मायक्रोग्रॅम कॅरोटिनपासून जेमतेम 1 मायक्रोग्रॅम रेटिनॉल मिळते. हा हिशेब धरूनही अर्धा कप शिजवलेला पालक सुमारे 570 आणि एक भाजलेले केशरी गराचे रताळे सुमारे 1400 मायक्रोग्रॅम देते.

गडबड होते ती शोषणात. कॅरोटिन भाजीच्या पेशींच्या भिंतीआड अडकलेले असते, म्हणून गाजर किसून किंवा बारीक चिरून शिजवा. झाकण ठेवून मऊ होईपर्यंत वाफवले की पुरे. फार वेळ तळले तर कॅरोटिन नासते. त्याच जेवणात लहान चमचाभर, म्हणजे सुमारे 5 ग्रॅम, तेल किंवा तूप हवेच. बिनतेलाची उकडलेली भाजी खाऊन कमतरता राहते ती इथे. (भाजीचे पाणी ओतून दिले तरी ‘अ’ फारसे जात नाही, ‘क’ जाते.) प्रथिने किंवा जस्त कमी असेल तर साठा यकृतातच अडकून पडतो, कारण रेटिनॉल रक्तातून वाहून नेणारे प्रथिनच पुरेसे तयार होत नाही.

रक्ततपासणी तापात करू नका. संसर्गात रेटिनॉलची पातळी तात्पुरती उतरते आणि नसलेली कमतरता दिसते. अंधूक उजेडात दिसेनासे होणे ही जास्त भरवशाची खूण, ती दिसली तर डॉक्टर गाठा.

जास्तीचे ‘अ’ लघवीवाटे निघून जात नाही, यकृतात साचते आणि त्याची विषबाधा होऊ शकते. तयार रेटिनॉलची प्रौढांसाठी रोजची वरची मर्यादा 3000 मायक्रोग्रॅम, म्हणजे लेबलावरची 10,000 आययू (आंतरराष्ट्रीय एकके). गरोदरपणात त्याहून जास्त घेतल्यास बाळात व्यंग येऊ शकते. त्या काळात कलेजीही टाळावी. मुरमांसाठी आयसोट्रेटिनॉइन चालू असेल तर ‘अ’ची गोळी घेऊ नका. गाजराने ही विषबाधा होत नाही, फार तर तळवे पिवळे पडतात. मात्र कॅरोटिनच्या गोळ्या धूम्रपान करणाऱ्यांनी घेऊ नयेत: 1994 मध्ये प्रसिद्ध झालेल्या फिनलंडमधील चाचणीत अशा पुरुषांमध्ये फुप्फुसाचा कर्करोग कमी होण्याऐवजी वाढला.

मोठी मात्रा औषध म्हणून दिली जाते ती गोवरात: एक वर्षावरील मुलाला 2,00,000 आययू, सलग दोन दिवस, डॉक्टरांच्या देखरेखीखाली. गोवर होऊ नये म्हणून ही मात्रा घरी देऊ नका. त्याने गोवर टळत नाही, त्यासाठी लसच लागते.