म्हातारे तारे मोजण्याआधी यादी साफ करा

भर पावसात फोंड्याच्या घरी बसून ताऱ्यांवर प्रकल्प करते म्हटल्यावर आजीने विचारलं, "मळब तरी खंय दिसता गो?" म्हणजे, आभाळ तरी कुठे दिसतंय?

तिचा प्रश्न रास्त होता. मी निवडलेली एनजीसी 6822 ही बटू दीर्घिका, म्हणजे ताऱ्यांचं छोटं विश्व, खगोलशास्त्रज्ञ बर्नार्डने 1884 मध्ये शोधली. धनू राशीतली ही दीर्घिका जुलैत मध्यरात्री गोव्याच्या आभाळात साठ अंश वर येते, आणि तेव्हाच इथे पाऊस कोसळत असतो. माझं काम मात्र हवाईतल्या 3.8 मीटरच्या यूकेआयआरटी दुर्बिणीने आधीच घेऊन ठेवलेल्या अवरक्त (इन्फ्रारेड) मोजमापांवरून तिच्यातले म्हातारे तारे मोजण्याचं होतं.

एमएस्सीला असा विषय घेणार असाल तर कळकळीने सांगते, दिसला लाल ठिपका की धरला राक्षसी (म्हातारपणी फुगलेला) तारा, असं करू नका. माझे दोन महिने त्यात गेले. दीर्घिका सोळा लाख प्रकाशवर्षं दूर, पण आकाशगंगेच्या पट्ट्यापासून जेमतेम 18 अंशांवर. वाटेत आपल्याच ताऱ्यांची दाटी. जवळचा थंड खुजा तारा आणि दूरचा राक्षसी तारा दोन्ही तांबूस, दोन्ही सारखेच मंद दिसतात.

जे आणि एच या दोन अवरक्त पट्ट्यांतल्या प्रतींचा (तेजस्वितेच्या आकड्यांचा) फरक खुज्या ताऱ्यांत 0.7 च्या आसपास थांबतो, राक्षसी त्यापुढे जातात. धुळीमुळे आलेली लाली मात्र आधी वजा करा. गाया या अवकाश दुर्बिणीच्या 2022 च्या यादीतली निजगतीही (ताऱ्याचं आभाळातलं सरकणं) ताडून बघा, इतक्या दूरचा तारा जागचा हलताना दिसत नाही. मंद ताऱ्यांना गायाची त्रुटी मोठी असते, तो रकाना वाचल्याशिवाय कुणालाही वगळू नका. दोन याद्यांच्या जुळवाजुळवीला टॉपकॅट हे सॉफ्टवेअर पुरतं. ते मोफत आहे आणि जुन्या लॅपटॉपवरही चालतं.

एवढी चाळण कशासाठी? म्हाताऱ्या ताऱ्याच्या पोटातला कार्बन ढवळून वर येतो आणि ऑक्सिजनशी जोड्या लावतो. ऑक्सिजन उरला तर एम तारा, कार्बन उरला तर कार्बन तारा. खगोलशास्त्रात हायड्रोजन आणि हेलियम सोडून सगळ्यांनाच धातू म्हणतात, त्यामुळे धातू कमी असलेल्या दीर्घिकेत ऑक्सिजन मुळातच थोडा, म्हणून कार्बन तारे जास्त. या दोन गटांच्या प्रमाणावरून दीर्घिकेतल्या धातूंचा अंदाज बांधतात. माझ्या पहिल्या यादीत उपरे खुजे तारे एम गटात शिरले होते. त्यामुळे कार्बन ताऱ्यांचं प्रमाण घसरलं आणि दीर्घिका आहे त्याहून धातुसमृद्ध भासली. तोच आकडा मी मार्गदर्शकांना देऊन बसले होते.