थंडी न पडलेल्या हिवाळ्यात आंब्याची कोवळी कलमं

पौष लागला तरी रात्री पांघरूण ओढावंसं वाटत नाही, सकाळी मळभ आणि दुपारी घाम, असा हिवाळा आला की कोकणात सगळं बोलणं मोठ्या हापूसच्या मोहोराभोवती फिरतं. साहजिकच आहे, वर्षाची कमाई तिथे असते. पण एक ते तीन वर्षांच्या कलमांकडे या दिवसांत फिरकायचं राहून जातं, आणि मार्चमध्ये बघावं तर शेंडे वाळलेले.

चांगल्या थंडीत कलम स्वस्थ असतं, पाणीही कमी ओढतं. रात्री उबदार राहिल्या की ते फुटतच राहतं. तांबूस पालवी बघून बरं वाटतं, पण पाऊस ऑक्टोबरातच संपलेला असतो आणि कातळावरच्या कलमाची मुळं अजून खड्ड्याबाहेर पडलेली नसतात. वर पानं वाढली, खाली ओल नाही. फेब्रुवारीत एकदम ऊन तापलं की हीच पालवी आधी करपते.

म्हणून पाणी आत्ताच नीट लावा. पहिल्या वर्षाच्या कलमाला आठवड्यातून एकदा 15 ते 20 लिटर, तेही सावकाश, आळ्यात मुरेल असं. रोज तांब्याभर घालण्याने मुळं वरच राहतात. दोन-तीन वर्षांच्या कलमांना किती दिवसांनी पाणी द्यायचं ते माती उकरून ठरवा: वीतभर खाली ओल लागली तर थांबा. आळ्यात सुकं गवत किंवा पेंढा पसरा, पण बुंध्यापासून चार बोटं दूर, नाहीतर वाळवी थेट खोडाला लागते. पश्चिमेकडून झावळीचा आडोसा मार्चची वाट न बघता करा. पालवी जोरात आहे म्हणून युरिया मात्र देऊ नका. त्याने आणखी कोवळी फूट येते, आणि किडीला तेच हवं असतं.

कीड हा या हवेतला खरा धोका आहे. आठवड्यातून दोनदा प्रत्येक शेंडा हाताने उलटून बघा. एकच शेंडा मान टाकून उभा असेल तर आत शेंडा पोखरणारी अळी आहे असं समजा. तो पोकळ भागाच्या खाली, आतला गाभा स्वच्छ दिसेपर्यंत कापा आणि जाळा. बांधावर टाकलात तर अळी तिथेच वाढते. कोवळ्या पानांवर बारीक गाठी म्हणजे मिजमाशी. थोडी कलमं असतील तर हातानेच आवरतं. पसरलं असेल तर डेल्टामेथ्रीन 2.8 टक्के, 10 लिटर पाण्यात 9 मिली, पालवी कोवळी असतानाच फवारा. मोठ्या झाडांना मोहोर यावा म्हणून घालतात ते कल्टार (वाढ रोखणारं संजीवक) या कलमांना अजिबात घालू नका.

आणि मोहोर. कलमाची काडी फळत्या झाडाची असते, त्यामुळे पहिल्या वर्षीही तो येऊ शकतो. घरचा पहिला आंबा खायची ओढ मला समजते, तरीही पहिली तीन वर्षं मोहोर लहान असतानाच खुडा. त्या फळांची किंमत झाड वाढ खुंटून मोजतं. खुडता खुडता जोडाखाली, म्हणजे काडी खालच्या रोपाला (खुंटाला) जिथे बांधलेली असते त्याच्या खाली, नजर टाका: खुंटाची फूट आली असेल तर ती फूट बुडापासून काढा, जोडावरची प्लास्टिकची पट्टी राहिली असेल तर सोडवा. ती खोडात रुतली की कलम जोडापाशीच मोडतं.

गवत वाळलं की बागेभोवती दोन-तीन मीटरचा पट्टा साफ करून घ्या. वणवा मोठं झाड कधी कधी सोसतं, दोन वर्षांचं कलम नाही.