ऊसतोडीला पहिल्यांदा कोयता धरणाऱ्या जोडप्यांनो, उचल घेण्याआधी हे वाचा

दसरा झाला की आमच्या बीड जिल्ह्यातल्या पाटोदा, शिरूर कासारच्या वाड्यावस्त्यांवर ट्रॅक्टर येऊन उभे राहतात. यंदा ज्यांचं पहिलं साल आहे, त्यांच्यासाठी लिहितोय. मी आणि बायको तीन हंगाम कोल्हापूर-सांगलीकडं टोळीत राबलो. मोळी कशी बांधायची, कोपी, म्हणजे राहायची झोपडी, कशी उभी करायची हे सांगत बसत नाही. आईबापाच्या मागं उसाच्या फडात वाढलेल्यांना ते ठाऊकच असतं, बाकीच्यांना आठ दिवसांत हातच शिकवतो. मला बोलायचंय ते उचलीबद्दल, म्हणजे टोळी नेणाऱ्या मुकादमाकडून हंगामाआधी घेतो त्या आगाऊ पैशांबद्दल. या उचलीनं आमची दोन वर्षं खाल्ली.

2022 सालच्या हंगामाला आम्ही 80 हजार उचल घेतली. बहिणीचं लग्न होतं. मुकादमानं रोख मोजून हातात दिले, तेव्हा वाटलं की पाच महिन्यांत फेडू आणि वर चार पैसे घेऊन येऊ. हा हिशोब तेव्हाच कागदावर मांडला असता तर मी अर्धीच उचल घेतली असती. तेव्हा तोडणीचा दर टनाला 273 रुपये होता. 80 हजार भागिले 273, म्हणजे 293 टन. नवं जोडपं दिवसाला दीड टन तोडतं, हात बसला की दोन. रोज दोन धरले तरी 146 दिवस झाले, तेही एकही सुट्टी न घेता. त्या साली ऊस कमी भरला आणि आमचा कारखाना 118 दिवसांत बंद पडला.

2024 च्या जानेवारीत करार होऊन दरात 34 टक्के वाढ झाली, म्हणजे टनाला साधारण 366. त्याबरोबर उचलीही लाखाच्या वर गेल्या. या नव्या दरानंही लाखाला 273 टन लागतात. तेव्हा दर वाढला म्हणून जास्त उचल घेऊ नका, कृपा करून घेऊ नका.

हा झाला ढोबळ हिशोब. खरी गळती पुढंच आहे. पंधरवड्याला किराण्यासाठी खर्ची मिळते, ती उचलीतच चढते. एक दिवस कोयता पडला, म्हणजे काम बुडलं, की खाडा, त्याचे पैसे नावावर चढतात. पोराला ताप आला म्हणून आमचे नऊ खाडे झाले, दिवसाला 500 प्रमाणे साडेचार हजार. आणि जे मला कुणीच सांगितलं नव्हतं ते हे की तोडलेला ऊस वाळतो. गाडी वेळेवर आली नाही, मोळ्या दीड-दोन दिवस उन्हात पडल्या, तर वजन घटतं. घाम तेवढाच गाळलेला असतो, काट्यावर टन मात्र कमी भरतो. म्हणून गाडीचा नंबर लागल्याशिवाय फड अंगावर घेऊन तोडत सुटू नका, टोळीतले कितीही घाई करोत.

हंगामाच्या शेवटी मुकादमाच्या वहीत आमच्या नावावर 190 टन निघाले. माझ्या अंदाजानं 20 टन तरी जास्त होते. पण माझ्याकडं एकही पावती नव्हती, आणि अंदाजाला कोण विचारतो? खर्ची, खाडा धरून 40 हजारांच्या वर बाकी राहिली. पुढच्या साली ती फेडायलाच पुन्हा त्याच मुकादमाकडं जावं लागलं. उचल फिरली असं आम्ही म्हणतो. एकदा फिरली की दर कोणता, कारखाना कुठला, हे विचारायचं तोंड राहत नाही.

तर दोन रुपयांची का असेना, स्वतःची वही ठेवा. गाडी भरली की कारखान्याच्या वजनपावतीचा फोटो मोबाईलमध्ये घ्या, त्या गाडीवर किती कोयते, म्हणजे किती जोडपी, होते ते लिहा, आपल्या वाट्याचे टन त्याच रात्री काढा. खर्ची आणि खाडा तारखेसकट टिपा. दर पंधरवड्याला मुकादमासमोर बसून वही ताडून घ्या. तो चिडेल, चिडू दे. कोऱ्या स्टॅम्पपेपरवर अंगठा किंवा सही मात्र कुणी मेला तरी देऊ नका. आकडा लिहिलेला असेल तर सही.

मुकादम नात्यातला असेल तर जास्त जपा, हे माझं ठाम मत आहे. परक्याशी भांडता येतं, मामाशी बोलताना जीभ अडते. आणि दोन मुकादमांकडून उचल घेऊन एकाला टांग मारायची, ही जी हुशारी गावात पारावर सांगतात, तिच्या नादी लागू नका. माणसं उचलून नेलेली, डांबून ठेवलेली मी पाहिलीत. शेवटी बायकापोरांचे हाल होतात.

शिकायचं असेल तर टोळीतल्या सगळ्यात जुन्या बाईच्या मागं राहा. आमच्या टोळीत एक मावशी होत्या. कानशीनं कोयत्याला धार कशी लावायची, बुडाला जमिनीलगत घाव कसा घालायचा हे त्यांनी दाखवलं. गोडवा बुडात असतो, त्याच बुडातून पुन्हा येणारा खोडवाही चांगला फुटतो, शेतकरी खूश राहिला तर वाढ्यांवरून, म्हणजे चाऱ्याला विकतो त्या उसाच्या हिरव्या शेंड्यांवरून, कटकट करत नाही. वाढ्यांचे पैसे बाईच्या हातात राहू द्या, हेही त्यांचंच सांगणं. आमच्या घरात भाजी त्यावरच चालली.

पहिले पंधरा दिवस हात उघडत नाहीत, रात्री दोनला गाडी भरायला उठताना रडू येतं. ते सरतं. माझी बायको पहिल्या आठवड्यात घरी जाऊ म्हणत होती, महिन्याभरानं माझ्यापुढं पात, म्हणजे तोडायची ओळ, धरून चालायची. त्याला घाबरू नका.

दुखण्याला मात्र घाबरा. पोटात, कंबरेत दुखतं म्हणून गेलेल्या बाईला गर्भपिशवी काढायला सांगणारा डॉक्टर भेटला तर आधी सरकारी दवाखान्यात दुसऱ्याला दाखवा. 2019 मध्ये बीड जिल्ह्यात 82 हजारांवर ऊसतोड बायकांची पाहणी झाली, त्यात 13 हजारांवर जणींची पिशवी काढलेली निघाली. खाडा पडेल म्हणून घाईनं ऑपरेशन उरकणाऱ्या बाया मी आमच्याच वस्तीत पाहिल्यात. पाचशेचा खाडा पडू द्या.

आणि पोरांना शक्यतो सोबत नेऊ नका. फडाच्या कडेला झोळीत निजलेलं लेकरू, त्यात मोळ्यांची गाडी मागं येते, जुन्नर-नगरकडं तर बिबट्याची भीती. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा वसतिगृहं आहेत. ग्रामसेवकाकडून ऊसतोड कामगाराचं ओळखपत्र करून घ्या आणि प्रवेशाची चौकशी निघायच्या आधी, जूनमध्येच करा. आम्ही दसऱ्याला गेलो तेव्हा जागा भरल्या होत्या, म्हणून थोरलीचं तिसरीचं अर्धं वर्ष कोपीत गेलं. यंदा ती सहावीत आहे, वसतिगृहात आहे, आणि रविवारी फोनवर माझ्या वहीची बेरीज तीच करून देते.