सेलिब्रिटीसोबत जोडीनं गायचंय? आधी पट्टी ठरवा

सेलिब्रिटी आणि सोबत कसलेला गायक, अशा जोड्यांची स्पर्धा बीबीसीनं 2006 आणि 2007 मध्ये चालवली. बाद व्हायची ती जोडी, एकटा सेलिब्रिटी नाही. जोडीच्या स्पर्धेत नटाच्या किंवा नटीच्या शेजारी गायक म्हणून उभं राहताना हे पक्कं लक्षात हवं. तुम्ही उत्तम गायलात आणि शेजारचा कणसूर झाला, तर तुमच्या उत्तम गाण्यामुळे त्याचं कणसूर होणं जास्तच ऐकू येतं. म्हणून सगळी मांडणी कच्च्या आवाजाभोवती करायची, आणि ती पट्टीपासून, म्हणजे गाण्याचा 'सा' कुठल्या स्वरावर धरायचा यापासून, सुरू होते.

पहिल्या भेटीत गाणं म्हणून घेऊ नका. हार्मोनियमवर एकेक स्वर चढत साधा आकार लावून घ्या. मान ताठली, हनुवटी वर गेली की तो स्वर लिहून ठेवा आणि त्याच्या हार्मोनियमवरच्या दोन पट्ट्या खालचा स्वर हीच वरची हद्द धरा. ही चाचणी शक्यतो शूटिंगची शिफ्ट संपल्यावर घ्या. गोरेगावच्या फिल्मसिटीत किंवा मढ आयलंडला बारा तास संवाद म्हटल्यावर जो स्वर लागतो, तोच स्टेजवरही लागेल. सकाळच्या ताज्या गळ्याच्या भरवशावर गाणं निवडू नका. नवख्या गळ्याला मंद्र निषादापासून (खालच्या सप्तकातला नी) तार षड्जापर्यंतचा (वरच्या सप्तकातला सा) पल्ला पुरे. तार गंधारापर्यंत जाणारं गाणं कितीही गाजलेलं असलं, तरी त्या ओळी तुमच्याकडे येणार असतील तरच घ्या.

आता वाटणी. नटाची पट्टी काळी एक (सप्तकातली पहिली काळी पट्टी) आणि गायिकेची काळी चार असेल तर काम सोपं आहे, कारण नटाचा पंचम तोच गायिकेचा षड्ज. गाणं काळी एकमध्ये ठेवा. मुखडा बहुधा पूर्वांगात (सप्तकाच्या खालच्या अर्ध्या भागात) फिरतो, तो नटाला द्या. अंतरा उत्तरांगात (वरच्या अर्ध्या भागात) चढतो, तो गायिकेनं घ्यावा. शेवटचा मुखडा दोघांनी मिळून म्हणताना गायिकेनं तो वरच्या सप्तकात घेतला, तर तो तिच्या मध्यमापासून सुरू होतो, म्हणजे तिलाही आरामात पेलतो. नटी आणि गायक अशी जोडी असेल तर उलटं करा. नटीच्या काळी तीनमध्ये गाणं ठेवलं की तिचा षड्ज हा काळी एकवाल्या गायकाचा मध्यम होतो. मंद्रात उतरणाऱ्या ओळी मग गायकाकडे. नटीला तिथे आवाज दाबावा लागतो आणि शब्द गिळले जातात.

हे ठरल्याशिवाय संगीत संयोजकाला होकार देऊ नका. वादकांची तालीम झाल्यावर पट्टी बदलली की तबलजीला दुसरा दायां (उजव्या हाताचा तबला) आणावा लागतो, बासरीवाल्याला दुसरी बासरी. ध्वनिमुद्रित ट्रॅक यंत्रावर वरखाली केला तर ढोलकीचा नाद बिघडतो.

तालमीत नटाची खरी ताकद आधी वापरा: शब्द. दोन दिवस चाल बाजूला ठेवून ओळी नुसत्या ठेक्यात बोलून घ्या, केहरवा असेल तर आठ मात्रांत, दादरा असेल तर सहा. मग चाल, तीही मूळ लयीच्या पाऊणपट. मिनिटाला 100 ठोक्यांचं गाणं 75 वर बसवा आणि रोज पाच-सहा ठोक्यांनी वाढवा. कागदावर अक्षरं मोठी हवीत आणि श्वासाच्या जागी लाल खूण.

सर्वांत जास्त घात होतो तो ओळीच्या शेवटी. बोलताना वाक्य संपत आलं की श्वासाचा जोर कमी होतो आणि आवाज खाली येतो. नटाला तर हीच सवय वर्षानुवर्षं मुरलेली असते. गाण्यात तेच झालं की शेवटचा स्वर उतरतो. 'सुरात गा' असं सांगून हे सुटत नाही. प्रत्येक ओळीचं शेवटचं अक्षर सरावात दोन मात्रा जास्त धरायला लावा, तेही आवाज न वाढवता. चार दिवसांत फरक ऐकू येतो. दुसरा घात अंतऱ्याच्या उठाणीवर होतो. मधलं संगीत संपायच्या आधीच नट सुरू होतो. त्याला आवर्तनं मोजायला लावू नका, एक वाद्य खूण म्हणून द्या: बासरीची शेवटची ओळ संपली, ढोलकीची तिहाई (तोच बोल तीनदा) आली, श्वास घेतला, समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) शब्द. तिहाईला तुम्ही त्याच्याकडे बघायचं, दर वेळी, न चुकता.

गाडीतल्या सरावावर फार विसंबू नका. घोडबंदर रोडच्या गोंगाटात माणूस नकळत ओरडून गातो आणि एसीनं गळा कोरडा पडतो. तानपुऱ्याच्या ॲपवर नुसतं गुणगुणणं ठीक. हेडफोन वायरचेच घ्या, ब्लूटूथमध्ये आवाज किंचित उशिरा पोचतो आणि ठेका सरकतो. पाण्याच्या ग्लासात स्ट्रॉ दोन-तीन सेंटिमीटर बुडवून पाच मिनिटं स्वर फुंकणं हा थकलेल्या गळ्यासाठी फार चांगला व्यायाम आहे. सेटवरचं उशिराचं तिखट-तळकट जेवण मात्र बंद करा. रात्री आम्लपित्त घशाशी आलं की सकाळी आवाज बसलेला असतो. जेवण आणि झोप यांत तीन तास ठेवा.

माइक ओठांपासून दोन बोटांवर, चढ्या स्वराला मुठीएवढा लांब. जाळी हातानं झाकली की शिट्टी वाजते. अभिनयाच्या भरात हात फिरतो आणि अर्धी ओळ गायब होते, म्हणून तालमीतही हातात माइक द्या. कानातल्या मॉनिटरमध्ये नटाला स्वतःचा आवाज, हार्मोनियम आणि ठेका मोठा हवा, तुमचा आवाज कमी. जास्त असेल तर तो तुमच्या मागे मागे जातो किंवा चक्क गप्प होतो.

तुमच्या हरकती-मुरक्या फक्त तुमच्या ओळींत घ्या. एकत्र ओळीत सरळ स्वर लावा, नटाइतकाच. तो शब्द विसरला तर त्याच ओळीवर तुम्ही गाणं उचला आणि थेट मुखड्यावर त्याला परत घ्या. रिटेक मिळणार आहे का, हे दिग्दर्शकाला तालमीच्या दिवशीच विचारून ठेवा. मिळणार असेल तर दोन टेकच्या मध्ये नटाला पूर्ण गाणं पुन्हा म्हणायला लावू नका, फक्त चुकलेली ओळ एकदा हळू आवाजात म्हणून घ्या आणि पाणी द्या.